शेजारचा रोल नंबर

मैत्री कशी जमते, असे कुणाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘मने जुळली.’ थोडा खोलात शिरणारा माणूस म्हणतो, ‘ऋणानुबंध असतात एकेकाचे.’ आमची आजी तर सरळ गेल्या जन्मीच्या देण्याघेण्यावर येते. या वर्षी द्वितीय वर्षाला सामाजिक मानसशास्त्राचा पेपर आला आणि सरांनी फळ्यावर ‘आकर्षण’ असे प्रकरणाचे नाव लिहिले, तेव्हा मागच्या बाकांवर जी खसखस पिकली ती वर्गातल्या सगळ्यांच्या ध्यानात असेल. सरांनी खडू खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘सिनेमाचं नाही, शेजाराचं प्रकरण आहे हे.’ आणि खरोखरच ते शेजाराचे निघाले.

सरांनी पहिले उदाहरण दिले ते पोलिसांचे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील पोलीस प्रशिक्षणार्थींवर मॅडी सीगल या संशोधिकेने केलेला अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. या प्रशिक्षणार्थींना वर्गातल्या जागा आणि राहायच्या खोल्या आडनावाच्या मुळाक्षरांप्रमाणे दिलेल्या होत्या. पुढे त्यांना विचारले की, तुमचे जवळचे मित्र कोण? बहुतेकांनी सांगितलेली आडनावे यादीत त्यांच्या आसपासचीच होती. धर्म एक, वय एक, दोघेही लग्न झालेले, असल्या कुठल्याही साम्यापेक्षा मुळाक्षरांतला शेजार वरचढ ठरला. म्हणजे ऋणानुबंध बांधणारा ब्रह्मदेव हा हजेरीपट लिहिणारा कारकूनच म्हणायचा!

हे ऐकता ऐकता मी डावीकडे पाहिले. डावीकडे अठ्ठेचाळीस बसली होती. ती वहीत काही लिहीत नव्हती. माझ्याकडेच पाहत होती.

माझा रोल नंबर सत्तेचाळीस. आपला हजेरीपट आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने लागतो आणि प्रथम वर्षाला आम्ही पाच जाधव होतो. त्या पाचांत माझ्या नावामागोमाग तिचे नाव आले, एवढाच काय तो ऋणानुबंध. परीक्षेची बैठक रोल नंबराने, ओळखपत्रांचे वाटप रोल नंबराने, ग्रंथालयाची कार्डे रोल नंबराने. पहिल्या आठवड्यात तिला माझे नाव ठाऊक नव्हते म्हणून तिने ‘ए सत्तेचाळीस’ अशी हाक मारली, आणि नाव कळल्यावरही ती तसेच म्हणत राहिली. मीही तिला अठ्ठेचाळीस म्हणते. या लेखातही तसेच म्हणणार आहे. नाव छापायला तिची हरकत नाही. पण मला तो नंबर आवडतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलेले नाही. दादा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आजीची सही म्हणजे अंगठा. त्यामुळे ‘वेळापत्रक कुठे लावलंय?’ एवढे विचारायलासुद्धा पहिल्या दिवशी मला धीर होत नव्हता. अठ्ठेचाळीसलाही नव्हता. न विचारणाऱ्या दोन मुली एकाच सूचनाफलकापुढे पाऊण तास उभ्या होत्या आणि वेळापत्रक मागच्या भिंतीवर होते! तिच्या घरीही ती पहिलीच. डब्यात दोघींच्याही भाकरी. दोघींनाही इंग्रजीचा तास सुरू झाला की पोटात गोळा येई, आणि तो आल्याचे दोघींपैकी कुणीही तिसरीला सांगत नसे.

याला पुस्तकात ‘साम्य’ म्हणतात. थिओडोर न्यूकम नावाच्या प्राध्यापकांनी मिशिगन विद्यापीठात या साम्याची मोठी कसोशीने परीक्षा घेतली. त्यांनी एक घर घेतले, एकमेकांना अजिबात न ओळखणारे सतरा विद्यार्थी त्यात आणून ठेवले, आणि राहणे फुकट. त्याच्या मोबदल्यात आठवड्यामागून आठवडे प्रश्नावल्या भरून द्यायच्या. (फुकट राहायला मिळणार म्हटल्यावर आपल्याकडे केवढी रांग लागली असती!) दुसऱ्या वर्षी पुन्हा नवे सतरा. या साऱ्याचे पुस्तक १९६१ साली निघाले. त्यात दिसले ते असे, की सुरुवातीच्या दिवसांत कोण कुणाच्या जवळ राहतो याला महत्त्व असते. पुढे मते आणि आवडीनिवडी कळू लागल्या की ज्यांची त्या बाबतीत जुळणी होते ते एकमेकांकडे सरकतात. पण सरकायला आधी जवळ यावे लागते. माझ्यासारखीच पोटात गोळा येणारी एखादी रोल नंबर एकशे तीनसुद्धा असेल. तिची माझी अजून गाठ पडलेली नाही.

नुसत्या दिसण्याचाही परिणाम होतो म्हणे. पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच यांनी १९९२ साली केलेला प्रयोग मला फार आवडला. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणी त्यांनी निवडल्या. एक वर्गात एकदाही गेली नाही, दुसरी पाच वेळा गेली, तिसरी दहा आणि चौथी पंधरा वेळा. कुणी कुणाशी बोलायचे नाही; यायचे, समोर बसायचे, तास संपला की जायचे. सत्राच्या शेवटी वर्गातल्या विद्यार्थ्यांना चौघींची चित्रे दाखवली, तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली! सकाळच्या सातच्या एस.टी.त माझ्या समोरच्या बाकावर दुधाची किटली घेऊन बसणारे एक आजोबा आहेत. दीड वर्षात आम्ही एक शब्द बोललेलो नाही. परवा तीन दिवस ते दिसले नाहीत, तर मला करमेना. आता त्याचे कारण कळले.

हे वाचून प्रवेशद्वारासमोरच्या कट्ट्यावर बसणाऱ्या बंधूंनी हुरळून जाऊ नये. हा नियम तिऱ्हाइताला लागू पडतो. जो माणूस मुळात नकोसा वाटतो, तो पुनःपुन्हा दिसल्याने अधिकच नकोसा होतो, असेही संशोधकांना आढळले आहे. एब्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांचे मित्र जसे जवळपासच्या घरांतले निघाले, तसे न आवडणारे लोकही जवळपासचेच निघाले. अर्थात हे कळायला कॅलिफोर्नियाला जाण्याची आम्हांला गरज नव्हती. आमच्या दादांचे आणि चुलत्यांचे वितुष्ट हातभर रुंदीच्या बांधावरून आहे. दहा गावे सोडून राहणाऱ्या माणसाने आमचा बांध कोरला असता कशाला?

आता मुख्य गोष्टीकडे येते. जवळ असणे म्हणजे किती फुटांवर असणे? याचा शोध घेणारा एक जुना अभ्यास आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली होती. तिथल्या मैत्रीचा लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ले शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी अभ्यास केला आणि १९५० साली तो प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दाराशी मैत्री असण्याचे प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून २२, दोन दारे सोडून १६ आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १०. दारे तरी कितीशी लांब, पाच-सहा पावलांवर! पण त्याहून मजेची गोष्ट जिन्याची. खालच्या मजल्यावर ज्यांचे दार जिन्याच्या तोंडाशी होते, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त मैत्री होती. फुटांत मोजलेले अंतर एक आणि वाटेने पडणारे अंतर दुसरे. माणसांची पावले कुठून जातात, ती कुठे समोरासमोर येतात, यावर सारे अवलंबून.

सर ही आकृती फळ्यावर काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे गाव होते. आमच्या परड्यात उभे राहिले की ओढ्यापलीकडे बौद्ध वस्तीची कौले दिसतात. तिथला कोंबडा आरवला तर इकडे ऐकू येतो. पावलांनी मोजाल तर ती घरे आमच्या वरच्या आळीपेक्षा जवळ. पण पाणवठा वेगळा होता, देवळाकडची वाट वेगळी, स्मशान तर अजूनही वेगळे आहे. आता घरोघर नळ आले. पाणवठ्याचा प्रश्न मिटला आणि पाणवठ्यावर कधीतरी झाली असती ती गाठही मिटली. आजी या गावात सून म्हणून आली त्याला पन्नासाहून जास्त वर्षे झाली. एवढ्या वर्षांत त्या वस्तीतल्या एकाही बाईच्या चुलीपाशी ती बसलेली नाही. आमच्या गावाला मजले दोन आहेत, पण जिना काढलेला नाही.

तिकडच्या बायका आमच्या रानात खुरपायला येतात, आजीला नावानिशी ओळखतात, आजी त्यांना ओळखते. मग दिसणे, भेटणे झाले की! गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालच्या आपल्या पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. नुसता संपर्क पुरत नाही. त्या संपर्कात दोघांची पायरी सारखी हवी, काम दोघांच्या फायद्याचे आणि मिळून करायचे हवे, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मजुरी देणारी बांधावर आणि घेणारी सरीत, ही सारखी पायरी नव्हे. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकाच बाकावर एकाच न समजलेल्या धड्यापुढे बसलेल्या दोन मुली, ही मात्र सारखी पायरी आहे.

हे सगळे मी का सांगते आहे, ते वाचकांच्या लक्षात आले असेल. अठ्ठेचाळीस बौद्ध आहे आणि मी मराठा. मला ते कळले प्रथम वर्षाला, शिष्यवृत्तीचे कागद घेऊन आम्ही दोघी एका कार्यालयात गेलो तेव्हा. खिडकीतल्या माणसाने आडनावे पाहून विचारले, ‘सख्ख्या का चुलत?’ मग दोघींचे दाखले उघडून पाहिले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाला, ‘असं होय! वेगळ्या जाधव.’ बाहेर आल्यावर आम्ही वडापाव खाल्ला. त्यावर दोघी काहीच बोललो नाही. आठ दिवसांनी तीच आपण होऊन म्हणाली, ‘आमच्या आडनावाने लोकांची फार गैरसोय होते बघ. विचारावंच लागतं बिचाऱ्यांना.’ आणि आम्ही इतक्या हसलो की ग्रंथपालांनी दोघींना बाहेर काढले.

पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीच्या शनिवारी ती आमच्याकडे मुक्कामाला आली. घरी मी ‘रोल नंबर अठ्ठेचाळीस, जाधव’ एवढेच सांगितले होते. मला त्यापलीकडे सांगण्यासारखे काही वाटले नव्हते, आजही वाटत नाही. आई चुलीपुढे होती. तिला आनंद झाला. ‘जाधव का? मग आपल्यातलीच की! कुठलं जाधव म्हणायचं तुमी? देव कुठला तुमचा?’

अठ्ठेचाळीस तांब्यातल्या पाण्याने पाय धूत होती. म्हणाली, ‘आम्ही बौद्ध आहोत, काकू.’

आवाज जरासुद्धा चढला नाही की उतरला नाही. हे वाक्य तिने आजवर कितीदा म्हटले असेल, ते मला त्या आवाजावरून कळले. आईचा हात परातीत थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि आई तव्याकडे बघत म्हणाली, ‘बसा पोरींनो, गरम हाय तवर खावा.’ आजी मात्र उठून माजघरात गेली आणि भूक नाही म्हणून पडून राहिली. दादा उशिरा आले, ‘अभ्यास झाला का?’ एवढे विचारून जेवायला बसले. त्यांना कळले होते की नाही, ते मला माहीत नाही. रात्री आईने आम्हां दोघींना मिळून एकच वाकळ दिली.

त्यानंतर ती आणखी तीनदा आली. दुसऱ्या खेपेला आजी आतल्या खोलीतून बाहेर डोकावली. तिसऱ्या खेपेला आजी ओट्यावर वाकळ शिवत होती आणि सुईत दोरा जाता जात नव्हता. मी न्हाणीत होते. बाहेर आले तर अठ्ठेचाळीस सुईत दोरा ओवून देत होती, एक नाही, सहा सुया. म्हणजे आजीचा आठवडा निघावा. तेव्हापासून आजी तिला ‘दोरा ववणारी’ म्हणते. पिट्सबर्गच्या वर्गात पंधरा वेळा जावे लागले, इथे तीन खेपांत काम झाले, असे मी अठ्ठेचाळीसला म्हटले, तर ती म्हणाली, ‘झालं कुठं? देवघराचं दार ओढून घेतलेलं असतं, ते मी बघते ना.’ खरे आहे. ती आली की ते दार अजूनही ओढलेले असते.

तिच्या घरी मी दोनदा गेले. तिचेही गाव आमच्यासारखेच, ओढ्याऐवजी तिथे डांबरी रस्ता मध्ये आहे. तिच्या आईने मला ना आडनाव विचारले ना देव. अंड्याची आमटी वाढता वाढता तिने एकच विचारले, ‘घरी सांगून आलीस न्हवं?’ मी हो म्हटले. थोड्या वेळाने भात वाढताना पुन्हा तेच विचारले. निघताना एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिचा भाऊ आला, तो आमच्यापासून दहा पावले मागे चालत होता. आमच्या घरी पाहुणी कोण याची काळजी; त्यांच्या घरी पाहुणीच्या घरचे काय म्हणतील याची. या काळजीवर पुस्तकात प्रकरण आहे का, ते मी सरांना विचारणार आहे.

लग्नाच्या बाबतीत तर आमची वडीलमंडळी मानसशास्त्र कोळून प्यालेली आहेत. माझ्या मामेबहिणीने मुलाला नीट पाहिलेही नव्हते. पोह्यांच्या बशा उचलेपर्यंत जेमतेम वीस मिनिटे. तिने कुरकुर केली तेव्हा मामी म्हणाली, ‘सहवासानं येतं समदं.’ आणि आले हो! बहीण सुखात आहे. म्हणजे सहवासाचा नियम मोठ्यांना पक्का ठाऊक आहे. म्हणूनच सहवास कुणाचा कुणाशी घडू द्यायचा, याची किल्ली त्यांनी कमरेला खोचून ठेवली आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सहभोजनापेक्षा आंतरजातीय लग्नावर भर दिला. तो का, हे मला या किल्लीवरून थोडे समजले. मला अजून कुणी विचारलेले नाही, दादा ‘बी.ए. होऊ दे’ म्हणतात.

आपल्या सातारा जिल्ह्यात ही किल्ली मागून घेणारा एक माणूस होऊन गेला. त्याच्याआधी, १९०१पासून, कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींची वसतिगृहे काढली. ज्यांना शहरात पथारी टाकायला कुणी जागा देत नव्हते त्यांना छप्पर मिळाले, हे फार मोठे काम होते. पण प्रत्येक जातीचे छप्पर निराळे. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले, ते मात्र सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र. मुलांनीच पाणी आणायचे, स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीला बसून जेवायचे. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ऑलपोर्ट यांचे पुस्तक यायला तेव्हा सत्तावीस वर्षे अवकाश होता. सारखी पायरी, मिळून करायचे काम, वरच्यांचा पाठिंबा: तिन्ही गोष्टी त्या चुलीपाशी होत्या. अशा चुलीवरून उठून गावी गेलेल्या मुलांचे तिथे पुढे काय झाले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

पुढच्या वर्षी हजेरीपट मोडणार आहे. मी विशेष विषय मानसशास्त्र घेणार, अठ्ठेचाळीस मराठी घेणार. वर्ग निराळे, बाक निराळे, नंबरही निराळे. दोघी दोन दिशांच्या एस.टी.ने येतो, तेव्हा सकाळी गाठ पडणे कठीणच. म्हणून आम्ही मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म आणला आहे. त्यात एक रकाना आहे: ‘खोलीत सोबत राहू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव.’ तिने माझे लिहिले, मी तिचे लिहिले, पूर्ण नाव, नंबर नव्हे. खाली पालकांची सही लागते. तिच्या वडिलांनी सही केली, पण तिला विचारले, ‘त्यांच्याकडची झाली का?’

आमच्या दादांनी फॉर्म दिव्याखाली धरून दोनदा वाचला. फीचा आकडा वाचला, शेवटची तारीख वाचली, तो रकानाही वाचला. त्यांचे बोट तिथे थांबलेले मी पाहिले. ‘बघू,’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ होही होतो आणि नाहीही. विहिरीच्या मोटारीला ‘बघू’ म्हटले होते, ती आली. माझ्या सायकलला ‘बघू’ म्हटले होते, ती आली नाही.

फॉर्म भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलेला आहे. तारखेला अजून नऊ दिवस आहेत. येत्या शनिवारी दोरा ववणारी येणार का, हे आजीने मला काल दोनदा विचारले. तिला चष्म्याचा नंबर काढायला तालुक्याला जायचे आहे, आणि माझ्यासोबत गेले तर मी रस्ता ओलांडताना हात धरत नाही म्हणे.